निळ्या अक्षरांतले टिपणीस

कुवेतच्या मराठी मंडळात कुणी भाषण लांबवायला लागलं की अजूनही मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणतं, "टिपणीसांना बोलवा." आजूबाजूची माणसं खुदकन हसतात. स्वतः सुधीर टिपणीस बहुधा त्याच रांगेत बसलेले असतात. ते छताकडे बघायला लागतात.

टिपणीस मूळचे ठाण्याचे. एका पेट्रोकेमिकल कारखान्यातली दाबाची आणि तापमानाची मीटरं खरं बोलतात की खोटं, हे तपासणं हे त्यांचं काम. काटा केसभर जरी सरकलेला दिसला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे. हा स्वभाव कारखान्याच्या फाटकावर ठेवून यावा ना? तर नाही. ते तो मंगाफच्या फ्लॅटमध्ये घेऊन येत. मग कुकरची शिट्टी लवकर झाली, लिफ्ट एक वीत खाली थांबली, बकाल्यावरचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा, पोऱ्या पिशवीत टोमॅटो खाली आणि बटाटे वर भरतो, असं सगळं त्यांना टोचत राही. वासंतीबाई मात्र जाब्रियातल्या एका दवाखान्यात माणसांचं रक्त काढायच्या. दिवसभर घाबरलेल्या लोकांना "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल" असं सांगून सांगून त्या इतक्या थंड झाल्या होत्या, की नवऱ्यालाही त्यांनी त्याच सुरात सांभाळलं.

अशा माणसाला मंडळानं सूत्रसंचालक केलं नसतं तरच नवल. टिपणीस सूत्रसंचालन करत तेव्हा कार्यक्रम ठरल्या वेळेला सुरू होई आणि ठरल्या वेळेला संपे, ही गोष्ट परदेशातल्या मराठी माणसांना इतकी नवी होती की पहिल्या वर्षी निम्मे लोक कार्यक्रम संपल्यावर पोचले. वक्त्यांना आवरायला त्यांनी घरातल्या देव्हाऱ्यातली पितळी घंटा उचलून नेली. वेळ संपत आली की एक टोला, संपली की दोन. वासंतीबाईंचे देव त्या काळात बिनघंटेचे राहिले आणि त्यांनी ते चालवून घेतलं.

मग ती संक्रांत आली. सालमियातल्या एका शाळेचा हॉल, जानेवारीतली बोचरी थंडी. प्रमुख पाहुणे म्हणून एक बडे दुकानदार आले होते. त्यांनीच तिळगुळाचा खर्च उचललेला, त्यामुळे ते तब्येतीत बोलत होते. पडद्यामागे छोट्या मुलांचा नाच खोळंबलेला. काळे कपडे, अंगावर हलव्याचे दागिने, मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं आयांनी रात्री जागून दोऱ्यात ओवलेलं. पाहुणे आपल्या बालपणातून हळूहळू तारुण्यात येत होते. टिपणीसांनी एक टोला दिला. पाहुण्यांना वाटलं, दाद आहे. दोन टोले दिले. पाहुणे हसले आणि पहिल्या दुकानाच्या उद्घाटनाकडे वळले. टिपणीस विंगेत डोकावले, परत आले, आणि मग त्यांनी घंटा हातात धरून आरतीला वाजवतात तशी ती जी वाजवायला सुरुवात केली ती पाहुणे माइक सोडेपर्यंत थांबवली नाही.

पाहुणे रागानं निघून गेले, तिळगूळ न घेता. नाच झाला. दुसऱ्या दिवशी इथल्या भारतीयांच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजीत मथळा झळकला: प्रमुख पाहुण्यांचा भर सभेत अपमान, सूत्रसंचालक सुधीर टिपणीस यांना हटवलं. खाली फोटो. त्यात टिपणीसांचं तोंड उघडं, डोळे वटारलेले आणि हातात घंटा. हटवलं होतंच. घंटा परत देव्हाऱ्यात गेली.

खरं तर गोष्ट तिथेच संपायची. पण इंटरनेट काही विसरत नाही. मंडळाच्या कार्यकारिण्या बदलल्या, ते दुकानदार देश सोडून गेले, टिपणीसांचे केस गेले. पण गूगलवर 'सुधीर टिपणीस कुवेत' असं टाकलं की सगळ्यात वर तेच तोंड, तीच घंटा. टिपणीस महिन्यातून एकदा तरी स्वतःचं नाव टाकून बघत. दुखरा दात माणूस जिभेनं चाचपतो, तसं.

त्यांची मुलगी क्षितिजा याच कुवेतमध्ये वाढली, मग पुण्याला शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. घरी मराठीत विचारलं तर उत्तर निम्मंअधिक इंग्रजीत द्यायचं, हा तिचा लहानपणापासूनचा रिवाज. एक दिवस तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, देअर इज समवन." तो समवन नाशिकचा निघाला. संग्राम गायधनी, तिच्याच ऑफिसातला. आई चारुशीलाताई, आणि वडील विश्वासराव.

"वडील काय करतात?" टिपणीसांनी विचारलं.

"रिटायर्ड. बँकेत इन्स्पेक्शनला होते. सो, ही चेक्स एव्हरीथिंग, बाबा. त्यांनी माझ्या कॉलेजचंपण नाव गूगल केलं."

टिपणीसांनी फोन ठेवला. पूर्वी स्थळाची चौकशी करायला माणसं शेजारी जायची, वाण्याला विचारायची. वाणी आपला असायचा, शेजाऱ्याला सांभाळून घेता यायचं. आता चौकशी गूगलकडे. आणि गूगल काय सांगणार? मुलीचा बाप भर सभेत पाहुण्याला हाकलतो.

"लग्न मोडणार हे," ते वासंतीबाईंना म्हणाले.

"अजून जमलंय कुठे मोडायला?" वासंतीबाई म्हणाल्या. "वाचू दे की त्यांना. काय चोरी केलीयत?"

पण टिपणीसांना धीर निघेना. कारखान्यातल्या एका मित्रानं पत्ता दिला आणि शनिवारी सकाळी ते हवल्लीतल्या एका इमारतीत, केशकर्तनालयाच्या डोक्यावरच्या खोलीत जाऊन बसले. समोर झरीन नावाची हैदराबादची चुणचुणीत मुलगी. माणसांची आणि धंद्यांची ऑनलाइन अब्रू धुऊन द्यायची, हा तिचा व्यवसाय. तिनं त्यांचं नाव टाकलं, फोटो बघितला आणि हसू दाबलं.

"ये आप हैं, अंकल? बहोत गुस्से में हैं."

"गुस्सा नहीं था. समय हो गया था."

झरीननं समजावून सांगितलं. पान आपोआप मिटत नाही. पण त्याच्यावर दुसरी पानं आणून टाकता येतात. पैसे घेऊन लेख छापणारी कितीतरी संकेतस्थळं असतात. तिथे त्यांच्या नावानं छान छान लेख यायचे, म्हणजे गूगल ते वर घेणार आणि हे घंटेचं पान खाली खाली सरकत दुसऱ्या पानावर जाणार. "और दूसरे पन्ने पे कोई नईं जाता, अंकल. वहाँ कुछ भी छुपा लो."

"पूरा निकल नहीं सकता?"

झरीननं जरा विचार केला. ते संकेतस्थळ आता जुनं झालेलं, मालक थकलेला. बोलून बघते, म्हणाली. चार दिवसांनी तिचा निरोप आला: निकल गया. टिपणीसांनी नाव टाकलं. घंटा नाही, तोंड नाही. इतक्या वर्षांनी जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी बकाल्यावरच्या पोऱ्यालाही काही बोल लावला नाही.

मग लेख यायला लागले आणि टिपणीसांचं पाऊल जमिनीवर ठरेना. पहिल्या लेखात ते 'आखातातील एक दूरदर्शी व्यक्तिमत्त्व' होते. दुसऱ्यात 'मूल्याधिष्ठित नेतृत्वाचा दीपस्तंभ'. तिसऱ्यात त्यांनी वाळवंटात माणुसकीचा मळा फुलवला होता. टिपणीस एकेक लेख स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्यानं वाचत आणि त्याच्या इंग्रजीचं मराठी करून सांगत.

"मळा कुठे फुलवलात?" कणीक मळता मळता वासंतीबाईंनी विचारलं. "बाल्कनीतली तुळस दोनदा गेली."

"अगं, ते लाक्षणिक असतं. आणि हे बघ, अधूनमधून शब्द निळ्या अक्षरात घेतलेत."

हे निळ्या अक्षरांचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथे झाला. टिपणीसांनी आयुष्यभर एकच छापील वाङ्मय जवळून पाहिलेलं, ते म्हणजे मंडळाची स्मरणिका. स्मरणिकेत सगळा मजकूर काळा असतो आणि देणगीदारांची, पाहुण्यांची, शुभेच्छुकांची नावं रंगीत. जितका माणूस मोठा तितका रंग गडद. यावरून दरवर्षी भांडणं होतात, एका गृहस्थांनी तर नाव काळ्यात आलं म्हणून वर्षभर वर्गणी दिली नव्हती. तेव्हा लेखातले काही शब्द निळे आणि खाली रेघ मारलेले दिसल्यावर टिपणीसांनी तो स्वतःचा मान समजला. त्यावर बोट लावून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मानाच्या शब्दाला कोण बोट लावतं?

उलट त्यांनी झरीनला फोन केला. "लेख अच्छा है. पण वो नीला थोडा और बढ़ाओ."

"और नीला? पक्का, अंकल?"

"हाँ, हाँ. जहाँ जगह मिले वहाँ डालो."

झरीनच्या धंद्यात असं आपण होऊन म्हणणारं गिऱ्हाईक कधी भेटत नाही. निळा शब्द म्हणजे दुवा. त्यावर बोट लावलं की माणूस दुसऱ्याच कुणाच्या तरी पानावर जातो, आणि एखाद्या पानाकडे असे दुवे चहूकडून आले की गूगलला वाटतं, हे पान मोठं असणार. झरीनची बाकीची गिऱ्हाइकं असे दुवे मिळावेत म्हणून तिच्यामागे लागलेली असत. तिनं त्या सगळ्यांना टिपणीसांच्या चरित्रात मोकळ्या मनानं जागा दिली. टिपणीस खूश, झरीन खूश, जलीब भागातला एक ढेकूण मारणारा तर फारच खूश.

तेवढ्यात विश्वासरावांचा निरोप आला, शुक्रवारी व्हिडिओवर बोलू या. टिपणीसांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वासंतीबाईंना मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, दूरदर्शी व्यक्तिमत्त्वाच्या मागे किराणा दुकानाचं कॅलेंडर शोभत नाही म्हणून.

पडद्यावर विश्वासराव आणि चारुशीलाताई. विश्वासरावांचा चष्मा नाकाच्या टोकावर, पुढ्यात लॅपटॉप. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. नाशिकची थंडी, कुवेतची थंडी. मग विश्वासरावांनी चष्मा वर सरकवला.

"टिपणीससाहेब, तुमचं सोफे धुवायचं काम कसं चाललंय?"

"अं?"

"सुलैबियातलं. इथे लिहिलंय, 'टिपणीस यांच्या मते स्वच्छ घर हाच सुखी संसाराचा पाया', त्यातल्या स्वच्छ घरावर दाबलं की सुलैबियाचे सोफे धुणारे येतात. आमचा सोफासुद्धा धुऊन देतील का, असं ही विचारत होती."

चारुशीलाताईंनी पदर तोंडाला लावला.

"ते... ते वेगळं असावं."

"बरं. 'तरुणांसाठी प्रेरणास्थान' यावर दाबलं तर जाब्रियातलं केस रोवायचं क्लिनिक उघडतं." विश्वासरावांनी टिपणीसांच्या चकचकीत टाळूकडे एकदा बघितलं आणि नम्रपणे नजर खाली घेतली. "तिथे तुमचे उपचार झालेत असं मला वाटत नाही. आणि 'समाजातील कीड मुळापासून उखडणारे' यावर दाबलं की जलीबचा ढेकूण मारणारा. फोन नंबरासकट. मी लावून बघितला. तो तुम्हाला ओळखत नाही म्हणाला."

वासंतीबाई शेजारी बसून मुंगी चावल्यासारखं तोंड करून होत्या.

"माझा जन्म तपासण्यात गेला," विश्वासराव म्हणाले. आवाज अजून सौम्यच होता. "ज्या शाखेच्या भिंतींवर फार रंग दिलेला असे, तिथे मी आधी भिंत ठोकून बघायचो. तुम्ही इतके चांगले आहात हे इतक्या ठिकाणी का सांगावं लागतंय, ते मला कळेना. आणि दुसरं. संग्राम म्हणाला, तुमच्याबद्दल एक जुनं पान आहे, ते जरूर वाचा. मी उघडायला गेलो तर पान सापडत नाही असं येतं. ते काढलं कुणी?"

खरं सांगायला हीच वेळ होती. पण टिपणीसांना एकदम ते वटारलेले डोळे आठवले, उघडं तोंड आठवलं, आणि ते म्हणाले, "कुठलं पान? मला काहीच कल्पना नाही."

विश्वासरावांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. मीटरचा काटा सरकलेला असला की टिपणीस स्वतः मीटरकडे बघत, अगदी तसं. "ठीक आहे. आम्ही विचार करून कळवतो," ते म्हणाले आणि पडदा काळा झाला.

विचार करून कळवतो म्हणजे काय, हे कुठल्याही मुलीच्या बापाला सांगावं लागत नाही. टिपणीस तसेच बसून राहिले. वासंतीबाईंनी उठून कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

थोड्या वेळानं क्षितिजाचा फोन आला.

"बाबा, व्हॉट डिड यू डू? संग्रामचे बाबा त्याला म्हणाले, ही इज हायडिंग समथिंग."

"मी तुझ्यासाठीच केलं गं," टिपणीस म्हणाले. "ते घंटेचं पान काढून टाकलं. तुझ्या सासरच्यांनी ते बघू नये म्हणून. तुला लाज वाटायला नको."

क्षितिजानं त्यांना मध्येच थांबवलं.

"बाबा, ते पान मीच पाठवलं होतं संग्रामला."

"तू?"

"आम्ही पहिल्यांदा कॉफीला गेलो तेव्हा. त्यानं विचारलं, तुझ्या घरी कोण कोण? मी लिंक पाठवली आणि लिहिलं, दिस इज माय डॅड." आणि मग क्षितिजा, जी आयुष्यभर बापाशी इंग्रजी मिसळून बोलली, ती निव्वळ मराठीत बोलायला लागली, अडखळत, शब्द शोधत. "मी होते ना बाबा त्या नाचात. किती वेळ उभं केलं होतं आम्हाला. भूक लागली होती. आम्ही सगळे दागिने खात होतो. मी माझा अर्धा हार खाल्ला होता. आणि तुम्ही पडद्यातून आत बघितलं. तुम्ही मला बघितलं हार खाताना. मग तुम्ही बाहेर गेलात आणि घंटा वाजली. थांबलीच नाही. बाबा, मला तेव्हा वाटलं, माझ्या बाबांइतकं शूर कुणी नाही. ते पान मी कितीदा बघायचे. तुम्ही ते काढून टाकलंत?"

टिपणीसांनी फोन वासंतीबाईंच्या हातात दिला आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, कुणाची तरी गाडी धूत होता. पैसे देऊन त्यांनी काय काय विकत घेतलं होतं. दीपस्तंभ घेतला, मळा घेतला. आणि पोरीच्या जवळ बापाचं जे एक पान होतं, ते पैसे देऊनच पुसून टाकलं. टिपणीस रडले. सांगायला हरकत नाही, चांगले हुंदके देऊन रडले, हारिसनं वर बघण्याइतके.

मग नाक पुसून आत आले आणि कुणाला न विचारता त्यांनी नाशिकला फोन लावला.

"विश्वासराव, मी मघाशी खोटं बोललो. ते लेख मी विकत घेतलेत. सगळेच. मी दूरदर्शी वगैरे काही नाही, मला चष्म्याशिवाय लिफ्टचं बटण दिसत नाही. निळी अक्षरं हा मला मान वाटला. आणि ते पान मीच काढायला लावलं." आणि त्यांनी घंटेची सगळी हकिकत सांगितली, पहिल्या टोल्यापासून, काही न वगळता. पाहुणे तिळगूळ न घेता गेले तेही सांगितलं.

शेवटी विश्वासराव म्हणाले, "पान परत येईल?"

"विचारतो. पण त्यांच्याकडेही ते उरलं नसेल असं वाटतं."

"म्हणजे पडताळून बघायला काही नाही."

"नाही."

"हं," विश्वासराव म्हणाले. बँकेतल्या माणसाच्या 'हं'चा अर्थ लावणं अवघड. "माणूस आपण होऊन चूक सांगतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. उरलेलं निम्मं मी स्वतः बघितल्याशिवाय मानत नाही. साखरपुडा मुलीकडे असतो ना? आम्ही कुवेतला येतो. संक्रांतीच्या सुमाराला."

पान काही परत आलं नाही. झरीननं मनापासून खटपट केली, पण जुन्या मालकानं सगळं तेव्हाच पुसून टाकलं होतं. लेखही काढता येईनात, ते म्हणे कायमचे असतात. त्यामुळे आजही कुणी नाव टाकलं तर सुधीर टिपणीस दीपस्तंभच आहेत, आणि मधूनमधून एखादा अनोळखी माणूस फोन करून त्यांना ढेकणांबद्दल विचारतो. टिपणीस त्याला जलीबचा नंबर देतात.

साखरपुडा सालमियातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. अख्खं मंडळ आलं होतं. चारुशीलाताईंनी नाशिकहून पेटीभर हलव्याचे दागिने करून आणले होते, हार, बिंदी, बांगड्या. "घालतात खरं लग्नानंतरच्या संक्रांतीला," त्या वासंतीबाईंना म्हणाल्या, "पण म्हटलं, हिला आत्ताच घालू या." काळ्या साडीवर ते पांढरे काटेरी दाणे घालून क्षितिजा संग्रामच्या शेजारी उभी राहिली. अंगठ्या झाल्या. जेवणाची भांडी मांडली गेली, मसालेभाताचा वास सुटला. आणि विश्वासराव माइकपाशी गेले.

"दोनच शब्द बोलतो," म्हणाले आणि खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली.

ते गायधनी घराण्याच्या मूळ गावापासून निघाले. पणजोबा झाले. आजोबांची शाळा झाली. मंडळातली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर येऊ लागली, मुलं आयांच्या पदराला झोंबू लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "टिपणीसांना बोलवा," पण हसलं कुणी नाही. मुलीच्या बापानं व्याह्याला गप्प करायचं? साखरपुड्यात? टिपणीसांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि छताकडे बघायला सुरुवात केली.

विश्वासराव वडिलांच्या पहिल्या नोकरीवर आले. वासंतीबाईंनी पर्स उघडली, देव्हाऱ्यातली घंटा काढली आणि नवऱ्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. टिपणीसांनी घंटेकडे बघितलं नाही. या वयात पुन्हा नको. पोरीचं आयुष्य आहे.

आणि तेवढ्यात त्यांची नजर स्टेजवर गेली. क्षितिजा त्यांच्याकडेच बघत होती. तिनं हात गळ्याशी नेला, हारातला एक दाणा तोडला आणि तोंडात टाकला. मग दुसरा.

टिपणीस उठले. एक टोला नाही, दोन नाहीत. आरतीला वाजवतात तशी त्यांनी ती घंटा वाजवली, डोळे वटारून, तोंड उघडं टाकून, सगळा हॉल दणाणेपर्यंत.

विश्वासराव शब्दाच्या मध्यावर थांबले. त्यांनी कागदांची घडी केली. ते कागद कोरे होते, हे पहिल्या रांगेतल्यांना तेव्हा दिसलं. घडी खिशात घालून ते चारुशीलाताईंकडे वळले आणि निरीक्षकाच्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पडताळलं."

माइक चालूच होता. त्यात क्षितिजाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. तोंडात हलवा होता, त्यामुळे शब्द जरा बोबडे आले, पण मराठीच होते. ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "हे माझे बाबा."